निळ्या चौकटीतली जागा

क्लिफर्ड बॅरक्लफने एकतीस वर्षं बस चालवली, आणि त्यातली अठरा वर्षं सत्तेचाळीस नंबरची. डोंगरावरच्या टॉप लेनपासून खाली ऑर्डनशॉच्या बाजारापर्यंत आणि परत वर. त्या उतारावरची वळणं त्याला तोंडपाठ होती. कुठली म्हातारी थांबा नसताना मध्येच हात करणार आणि कुठला कुत्रा गाडीच्या मागे धावणार, हेसुद्धा तो आधीच सांगायचा. निवृत्त झाला तेव्हा डेपोतल्या लोकांनी त्याला एक घड्याळ दिलं. त्याला मासे धरायला जायचं होतं, घड्याळाकडे बघायचंच नव्हतं.

पण रक्तातल्या साखरेच्या मनात वेगळंच होतं. अंगठ्याला झालेली जखम बरी होईना, मग पाऊल गेलं, आणि नोव्हेंबरात डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्यानंतर मार्चपर्यंत क्लिफर्ड घराबाहेर पडला तो फक्त दवाखान्याच्या गाडीतून. मार्चमध्ये ती गाडी बंद झाली. आता दर गुरुवारी साडेदहाला त्याने स्वतःच खाली गावात यायचं होतं. नवा पाय बसवण्याआधी हातांत आणि उरलेल्या पायात ताकद यावी म्हणून तिथल्या दवाखान्यात व्यायाम करून घ्यायचे.

"बस आहे," त्याची बायको लॉरेन म्हणाली. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर होती, आणि गुरुवारी तिला सुटी मिळणं शक्य नव्हतं.

"मी बसने जाणार नाही."

"का? एकतीस वर्षं जगाला सांगत होतास ना, बससारखं दुसरं वाहन नाही म्हणून."

"तेव्हा मी पुढे बसायचो."

लॉरेनने त्याच्या मांडीवर चौकड्यांची शाल टाकली, टोपी डोक्यावर दाबली आणि खुर्ची ढकलत त्याला प्रार्थनाघरासमोरच्या थांब्यावर आणून ठेवलं. "घरात बसून बसून तुला बुरशी येईल," म्हणाली, आणि दुकान गाठायला पळाली.

गाडी आली ती वेळेवर. स्टिअरिंगवर रुखसाना होती. आठ वर्षांपूर्वी तिला याच रस्त्यावर क्लिफर्डनेच शिकवलं होतं. तिने दार उघडलं, त्याला पाहिलं, आणि तिचा चेहरा असा फुलला की क्लिफर्डला उगीचच शालीची घडी नीट करावीशी वाटली.

"क्लिफ, तुम्ही? किती दिवसांनी. थांबा, रॅम्प काढते."

ती उतरली, दाराखालची लोखंडी फळी उलटून फुटपाथवर टेकवली आणि मग आत वळून बघितलं. आतल्या निळ्या चौकटीत, भिंतीवर खुर्चीचं चित्र असलेल्या जागेत, एक तीनचाकी बाबागाडी उभी होती. बाबागाडी कसली, लहानसा ट्रॅक्टरच तो. आत एक बाळ तोंड उघडं टाकून झोपलं होतं. शेजारच्या दुमडत्या सीटवर बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी, केस ओले, पायाशी तीन पिशव्या.

"बाई, जरा ती गाडी मिटवता का? खुर्ची यायचीय," रुखसाना म्हणाली.

"तो रात्रभर रडलाय," मुलगी म्हणाली. "झोपावा म्हणून खालच्या थांब्यावरून वर टॉप लेनपर्यंत फिरवून आणला, आत्ता चार मिनिटांपूर्वी झोपला."

"कळतं मला. माझीही दोन आहेत. पण जागा खुर्चीची आहे."

"मिटत नाही ती."

"मिटत नाही म्हणजे?"

"मिटत नाही म्हणजे मिटत नाही. आणि मी आधी चढले."

रुखसानाने दुसऱ्यांदा विचारलं, जरा करड्या आवाजात. मग ती आपल्या जागेवर गेली आणि इंजिन बंद केलं. क्लिफर्डला ही रीत ठाऊक होती. विनंती करायची, पुन्हा करायची, थोडा वेळ गाडी उभी ठेवायची, आणि मग बघायचं कोणाला लाज वाटते ते. कोणाला हाताला धरून उतरवता येत नाही.

पेपर वाचणारा एक गृहस्थ म्हणाला, "मला दाताच्या डॉक्टरकडे पोचायचंय." मागून एक बाई म्हणाली, "आमच्या वेळी आम्ही पोरगं काखेत मारायचो आणि गाडी मिटवायचो." तिसरं कोणीतरी म्हणालं, आमच्या वेळी खुर्चीवाले बसने जातच नव्हते. मुलगी लाल झाली होती. तिने बाबागाडीचा दांडा असा घट्ट धरला होता, जणू कोणी हिसकावूनच घेणार आहे.

क्लिफर्डला हे सोसेना. सगळी बस आपल्यामुळे खोळंबलीय, आणि त्यातली निम्मी माणसं आपल्याला नावाने ओळखतात.

"रुखसाना, जा तू," तो खालून म्हणाला. "तुझी वेळ चुकतेय."

"वेळ गेली खड्ड्यात."

"पोरी, जा म्हणतो ना. मी मागच्या गाडीने येतो."

तिने फळी उचलली ती आपटतच. गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि क्लिफर्ड थांब्यावर एकटा उरला. मागची गाडी यायला वीस मिनिटं होती. वीस मिनिटं म्हणजे काही फार नाही, पण खुर्चीत, वाऱ्यात, पायावर पाय टाकायची सोय नसताना बरीच असतात. आणि त्या वीस मिनिटांत त्याला तो केकवाला माणूस आठवला.

अकरा वर्षं झाली असतील. गिरणीसमोरचा थांबा, पावणेपाचची फेरी. चाकाच्या खुर्चीत एक निळ्या कोटातला माणूस, मांडीवर केकचं खोकं, खोक्याला फीत. आत दोन बाबागाड्या होत्या. क्लिफर्ड जागेवरून उठलासुद्धा नव्हता. दारातूनच म्हणाला होता, "जागा नाही. मागची दहा मिनिटांत येईल." तो माणूस म्हणाला होता, "ठीक आहे, धन्यवाद." मागची गाडी त्या दिवशी रद्द झाली होती, आणि ते क्लिफर्डला दुपारीच डेपोत कळलेलं होतं.

दवाखान्यात तो अर्धा तास उशिरा पोचला. व्यायाम घेणाऱ्या बाईने विचारलं, काय झालं? तो म्हणाला, बस चुकली.

पुढच्या गुरुवारी त्याने डोकं चालवलं. लॉरेनला वीस मिनिटं आधी हाकललं, आधीची गाडी पकडली, निळ्या चौकटीत पाठ टेकून बसला आणि ब्रेक लावले. तिसऱ्या थांब्यावर तीच मुलगी उभी. तिनेही आज डोकं चालवून आधीची गाडी धरायचं ठरवलेलं दिसत होतं. भुरभुर पाऊस, बाबागाडीवर प्लॅस्टिक, पिशव्या ओल्या. आजचा ड्रायव्हर एक नवा, लाजाळू माणूस होता. त्याने विचारलं, मिटवता येईल का? तिने मान हलवली. त्याने खांदे उडवले, दार लावलं. काचेतून तिने क्लिफर्डकडे असं बघितलं की क्लिफर्डला पलीकडच्या खिडकीतल्या मेंढ्यांमध्ये एकदम रस वाटू लागला.

जिंकल्याचा आनंद फार तर दोन थांबे टिकला.

रात्रीच्या जेवणाला त्याने लॉरेनला सगळं सांगितलं. तिने बटाट्यांवर रस्सा ओतत ऐकून घेतलं.

"म्हणजे एक-एक अशी बरोबरी," ती म्हणाली. "छान. पुढच्या गुरुवारी चौकात उतरा आणि कुस्तीच खेळा. मी दुकानातून मलम आणते."

"तिची गाडी मिटत नाही म्हणते. प्रत्येक गाडी मिटते. तशी बनवलेलीच असते."

"मग जाऊन बघ ना का मिटत नाही. शेडमध्ये तासन्‌तास कुलपं उघडत बसायचास."

बुधवारी त्याने खुर्चीच्या मागच्या पिशवीत तेलाची छोटी डबी आणि खिशातला चाकू टाकला. खुर्चीच्या चाकांसाठी, असं त्याने स्वतःला सांगितलं.

त्या गुरुवारी जाताना ती दिसली नाही. दिसली ती परतताना, बाजाराच्या बसस्थानकात. सव्वाबाराची गाडी अडकली होती, छपराखाली दोघंच. म्हणजे तिघं. बाळ जागं होतं आणि बिस्किटाचा लगदा करून तो अंगभर फासत होतं.

शेवटी ती म्हणाली, "आता एकच गाडी येणार. कोण चढणार, आजोबा?"

"मी तुझा आजोबा नाही."

"नाव माहीत नाही ना. ड्रायव्हरबाई 'क्लिफ' म्हणत होत्या, पण त्यांचं-तुमचं जमतं. आपलं कुठे जमतंय?"

क्लिफर्डला हसू आलं ते त्याने टोपीखाली दडवलं. "क्लिफर्ड," तो म्हणाला. "तुझं?"

"टॅम्सिन. हा ओटिस. सात महिन्यांचा."

"खरं सांग. मिटवायची नाही, की मिटत नाही?"

टॅम्सिनने बाबागाडीचा दांडा एकदा हलवून बघितला. "जिच्याकडून घेतली तिने एका हाताने मिटवून दाखवली. टक्‌, टक्‌, झालं. घरी आणल्यापासून एकदाही नाही. मी तिसऱ्या मजल्यावर राहते. रोज ही खाली जिन्यात ठेवते आणि त्याला आणि सामानाला दोन खेपांत वर नेते. बसमध्ये सगळ्यांसमोर खटपट करायची आणि जमलं नाही तर? त्यापेक्षा लोकांना उद्धट वाटलेलं परवडतं."

"इकडे आण."

"काय?"

"गाडी आण इकडे. आणि पोराला आधी बाहेर काढ."

पोराला बाहेर काढलं, पण ठेवायचं कुठे? बाक ओला, जमीन त्याहून ओली. टॅम्सिनने इकडेतिकडे बघितलं आणि दुसरा विचार न करता ओटिसला क्लिफर्डच्या मांडीवर ठेवलं, शालीवर. ओटिसने त्याची टोपी काढली आणि ती कशी लागते ते चाखून बघितलं.

आता क्लिफर्डचे हात अडकले, त्यामुळे बघायचं काम डोळ्यांचं आणि करायचं काम तिचं. दांड्याखालच्या खटक्यात तपकिरी, दगडासारखं काहीतरी घट्ट बसलं होतं. चाकूच्या टोकाने तिने ते खरवडलं. जुनं बिस्किट. ओटिसचं नव्हे, आधीच्या मालकिणीच्या पोराचं असणार, इतकं पुरातन. मग तेलाचे दोन थेंब.

"आता ऐक," क्लिफर्ड म्हणाला, आणि त्याचा आवाज आपोआप डेपोतल्या शिकवणीचा झाला. "डावा हात दांड्यावर. उजव्या पायाने खालचा खटका. आधी वर उचलायचं, मग पुढे. तू आधी ढकलतेस, म्हणून तो अडतो. घाई नाही. मागे कोणी हॉर्न वाजवत नाहीये."

पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा तिचं बोट चिमटलं, आणि तिने असा शब्द वापरला की क्लिफर्डने ओटिसच्या कानावर हात ठेवला. तिसऱ्यांदा खड्‌ असा आवाज झाला आणि तो सगळा ट्रॅक्टर एखाद्या छत्रीसारखा बसला.

टॅम्सिन बाकावर बसली, ओल्याच. "पाच महिने," ती म्हणाली. "पाच महिने मी ही ओझ्यासारखी ओढतेय." ती हसत होती, पण डोळे पुसायला तिला बाही वापरावी लागली.

"पुन्हा," क्लिफर्ड म्हणाला. "उघड आणि मिटव. दहा वेळा."

सातव्या वेळेला गाडी आली. रुखसानाने दार उघडलं आणि बघतच राहिली. क्लिफर्डच्या मांडीवर बाळ, बाळाच्या तोंडात टोपी, आणि ती मुलगी मिटलेली बाबागाडी काखेत घेऊन पुढे.

"मी चुकून दुसऱ्याच स्टँडवर आले का?" ती म्हणाली.

चढावर जाताना क्लिफर्डने टॅम्सिनला केकवाल्या माणसाची गोष्ट सांगितली. का सांगितली ते त्यालाही कळलं नाही. लॉरेनलासुद्धा त्याने ती कधी सांगितली नव्हती. ओटिस त्याच्या मांडीवरच झोपला होता, आणि कदाचित झोपलेलं बाळ मांडीवर असलं की माणसाला खोटं दडवून ठेवता येत नाही. टॅम्सिनने शेवटपर्यंत ऐकलं.

"वाईटच केलंत," ती म्हणाली.

तो यापेक्षा काहीतरी मऊ ऐकायच्या आशेवर होता. पण दोन वळणं गेल्यावर त्याला वाटलं, बरं झालं, कोणीतरी सरळ म्हणालं.

मग तसा परिपाठच पडला. गुरुवारी तिसऱ्या थांब्यावर टॅम्सिन चढायची, पोरगं क्लिफर्डच्या हवाली करायची, बाबागाडी मिटवून सामानाच्या जाळीत उभी करायची. बसमधल्या लोकांना पहिले दोन आठवडे गंमत वाटली, मग कोणी मान वर करून बघेना. पेपरवाल्या गृहस्थाचं नाव मिस्टर लम. त्याचे दात एक-एक करून चालले होते आणि त्याचा ताजा हिशेब तो सगळ्यांना द्यायचा. क्लिफर्ड दवाखान्यातल्या बढाया मारायचा. आज खुर्चीतून बाकावर आठ वेळा गेलो, कोणाचा हात न घेता. व्यायामवाली बाई म्हणाली, तुमच्यासारखा पेशंट नाही.

मेच्या मधल्या गुरुवारी गाडी बरीच भरलेली होती. जत्रा होती गावात. गिरणीसमोरच्या थांब्यावर एक मुलगी उभी होती, म्हणजे बसलेली होती, मोठ्या विजेच्या खुर्चीत. डोक्याला टेकण, हाताशी छोटा दांडा, नवा कोरा पांढरा शर्ट. रुखसाना उतरली आणि फळीला हात लावायच्या आधीच थबकली. चौकट एक, आणि त्यात क्लिफर्ड.

"ठीक आहे," ती मुलगी खालून म्हणाली. आवाज हसरा, पण बांधून धरलेला. "सकाळपासूनची ही दुसरी. सवय आहे. मागची किती वाजता?"

"वीस मिनिटांनी," रुखसाना म्हणाली. "कुठे पोचायचंय?"

"वाचनालयात. आज कामाचा पहिला दिवस. दहाला."

दहाला सतरा मिनिटं कमी होती.

रुखसाना परत आत आली. ती क्लिफर्डला काही म्हणाली नाही. म्हणण्यासारखं काही नव्हतंच. दोन खुर्च्यांमध्ये जी आधी चढली तिची जागा, हे तिलाही माहीत होतं आणि त्यालाही. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि तेच त्याला जास्त बोचलं.

टॅम्सिनने मात्र बघितलं. "आजोबा," ती हळूच म्हणाली, "तुम्ही दवाखान्यात खुर्चीतून बाकावर जाता ना. आठ वेळा."

"दवाखान्यात जातो. तिथे सगळेच माझ्यासारखे."

"मग?"

"मग काय मग? मी आधी चढलोय."

बोलून झाल्यावर त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. कान गरम झाले. खरी गोष्ट अशी होती की नोव्हेंबरपासून त्या शालीखाली काय आहे ते लॉरेन आणि दवाखान्याखेरीज कोणी पाहिलं नव्हतं. या बसमधल्या लोकांनी त्याला एकतीस वर्षं दोन पायांवर पाहिलं होतं. तसाच त्यांच्या डोक्यात राहावा, इतकीच त्याची इच्छा होती, आणि ती काही फार मोठी नव्हती. पण दारात ती पांढऱ्या शर्टातली पोरगी अजून हसू धरून उभी होती, म्हणजे बसली होती, आणि गिरणीसमोरचा तो थांबा काही त्याला नवा नव्हता.

"पोराला घे," तो म्हणाला.

"मी तुम्हाला धरते ना."

"मला धरायचं नाही. पोराला दे कोणाकडे तरी आणि माझी खुर्ची घे."

ओटिस मिस्टर लमकडे गेला. मिस्टर लमने त्याला पेपरासारखा दोन्ही हातांनी समोर धरला. दोन सीटवरची माणसं न सांगता उठली. क्लिफर्डने ब्रेक लावले, उजवा पाय जमिनीवर रोवला, पिवळा खांब धरला, आणि व्यायामवालीने शिकवलं होतं तसं नाकातून श्वास घेऊन उठला. शाल खाली पडली. विजारीचा डावा पाय गुडघ्याशी दुमडून टाचलेला होता, तो सगळ्यांना दिसला. एक उडी. खांब. दुसरी उडी, जरा वाकडी. मग तो धपकन सीटवर बसला आणि त्याला कळलं की आपण श्वास अजून सोडलेलाच नाही.

सगळ्यांनी बघितलं, आणि मग सगळे एकदम खिडकीबाहेर बघू लागले. फक्त मिसेस ओल्डरॉइड बघत राहिली. ती ऐंशीच्या पुढची होती आणि तिला कसलीच भीड नव्हती.

"क्लिफ, तुझा पाय कुठे गेला?"

"साखरेने खाल्ला."

"अरे. मला वाटत होतं तुझा गुडघा दुखतोय. माझ्या हॅरल्डची दोन बोटं अशीच गेली. त्याला मोजे दोन मापांचे घ्यावे लागायचे." आणि ती पिशवीतून आल्याचा केक काढायला लागली. "घेतोस तुकडा? अरे हो, साखर. राहू दे."

इकडे टॅम्सिन खुर्चीशी झुंजत होती.

"सीटच्या मधून वर ओढ," क्लिफर्डने सांगितलं. "मधून. दोन्ही हातांनी. बाबागाडीपेक्षा सोपी आहे."

खुर्ची मिटली आणि जाळीत बाबागाडीला खेटून उभी राहिली. रुखसानाने फळी टाकली. ती मुलगी वर आली, एका झोकात वळली आणि चौकटीत अशी अचूक पाठ टेकवली की क्लिफर्डमधल्या जुन्या शिक्षकाने मनातल्या मनात गुण देऊन टाकले.

गाडी निघाली. शाल तळाशी कोणाच्या तरी पायाखाली होती. क्लिफर्डने ती मागितली नाही.

"आभारी आहे," मुलगी म्हणाली. "मी इमोजेन."

"क्लिफर्ड. आजच्यापुरतं हं. पुढच्या गुरुवारी जागा माझी."

"मी रोज असणार आहे."

"रोज?"

"सोमवार ते शुक्रवार. नोकरी आहे ना."

क्लिफर्डने टॅम्सिनकडे बघितलं, टॅम्सिनने छताकडे. मागे मिस्टर लम म्हणाला, "याला आता कोणीतरी परत घ्या. याने माझ्या बाहीला काहीतरी केलंय."

इमोजेन तीन मिनिटं उशिरा पोचली, आणि वाचनालयातल्या कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. क्लिफर्ड दवाखान्यात वेळेवर पोचला. व्यायामवाली बाई म्हणाली, आज तोंड लाल का? तो म्हणाला, नववी फेरी बसमध्ये झाली.

नवा पाय येईपर्यंत उन्हाळा गेला. तोपर्यंत गुरुवारी इमोजेन चौकटीत, क्लिफर्ड शेजारच्या सीटवर, आणि जाळीत दोन मिटलेल्या गाड्या. जेव्हा गर्दी फार असायची आणि हे जमायचं नाही, तेव्हा कोणीतरी एकजण मागे राहायचा आणि शिव्या घालायचा. ते काही सुटलं नाही. क्लिफर्डने कंपनीला पत्र लिहिलं. जाळी काढा, तिथे दुसरी चौकट करा, गाडीची रुंदी अमुक आहे, मी स्वतः मोजली आहे. खाली चौतीस प्रवाशांच्या सह्या होत्या आणि ओटिसच्या अंगठ्याचा ठसा. उत्तर आलं की आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. क्लिफर्डने दुसरं पत्र लिहिलं. आता त्याला वेळच वेळ होता, आणि डेपोत चहा प्यायला गेलं की कोणाचं पत्र कुठल्या टेबलावर पडलंय हे त्याला कळायचं.

पाय आला ऑगस्टच्या शेवटी. ओटिसही त्याच सुमारास उभा राहायला लागला होता. दर गुरुवारी एक पिवळा खांब दोघांत असायचा, वरून क्लिफर्डने धरलेला, खालून ओटिसने. आधी कोण धड चालतो यावर रुखसाना आणि मिस्टर लम यांची पैज लागली. मिस्टर लम क्लिफर्डच्या बाजूने होता आणि हरला. सप्टेंबरात एका गुरुवारी, गाडी बाजाराच्या स्थानकात उभी असताना, ओटिसने खांब सोडला, सात पावलं टाकली आणि थेट क्लिफर्डच्या डाव्या पायावर येऊन उभा राहिला, बूट घालून, सगळं वजन टाकून.

"आई गं," क्लिफर्ड म्हणाला.

"लागलं?" टॅम्सिनने विचारलं.

क्लिफर्डने खाली बघितलं, विचार केला. "नाही," तो म्हणाला. "कसं लागेल?" आणि इमोजेन इतकी हसली की रुखसानाला आरशातून विचारावं लागलं, मागे काय चाललंय.